परकीय साहाय्य आणि लोकराज्याची वाढ

एका देशाने दुसऱ्या देशास द्रव्याचे, धान्याचे किंवा विद्येचे साहाय्य केले असता त्या दुसऱ्या देशातील लोकराज्य बळावते काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय जुनाच, परंतु २०२५ सालापासून तो पुन्हा घरोघर निघू लागला आहे. त्या वर्षीच्या २० जानेवारीस अमेरिकेच्या अध्यक्षांनी आपल्या देशाचे बहुतेक परराष्ट्र-साहाय्य तहकूब केले, आणि १९६१ साली स्थापन झालेल्या ‘यूएसएड’ या त्यांच्या साहाय्य-संस्थेचा कारभार १ जुलै रोजी बंद झाला. मध्यंतरी फेब्रुवारीत, भारतातील मतदानाचे प्रमाण वाढविण्याकरिता ठेवलेले २ कोटी १० लक्ष डॉलरांचे अनुदान रद्द केल्याचे तेथून जाहीर झाले. ते अनुदान खरोखर भारतासाठी होते की बांगलादेशासाठी, यावर आपल्याकडे मोठा वाद माजला.

या वादात दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो की, बाहेरचा पैसा म्हणजे बाहेरचा हुकूम. ज्याच्या ओंजळीने पाणी प्यावे त्याच्या मर्जीने तहान भागवावी लागते. दुसरा पक्ष म्हणतो की, गरीब देशांत लोकराज्याचे रोप श्रीमंत देशांनी पाणी घातल्यावाचून जगणार नाही. दोन्ही मते सोपी आहेत, आणि म्हणूनच दोहोंविषयी थोडे सावध असावयास हवे. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी दूरच्या खंडात जाण्याचे कारण नाही. पुण्याहून लोहमार्गाने मुंबईकडे निघाले म्हणजे थोड्याच वेळात जे पिंपरी स्थानक लागते, तेथूनच आपण आरंभ करू.

आज पिंपरी-चिंचवड म्हटले की मोटारी, यंत्रे आणि कामगारांच्या पाळ्या डोळ्यांपुढे येतात. स्वातंत्र्य मिळाले त्या वेळी हा भाग खेड्यांचा होता. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची छावणी पिंपरीस वसली. त्या सुमारास पेनिसिलिन हे औषध आपल्या देशात सर्वस्वी बाहेरून येत असे. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंगने त्याचा गुण ओळखला होता आणि दुसऱ्या महायुद्धात त्याने असंख्य जखमी सैनिकांचे प्राण वाचविले होते. परंतु येथील सामान्य कुटुंबास ते महाग पडे आणि हवे तेव्हा मिळेलच असा भरवसाही नसे. हे औषध देशात व्हावे, आणि ते सरकारी मालकीच्या कारखान्यात व्हावे, असा आग्रह धरणाऱ्यांत मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक राहिलेले मेजर-जनरल साहिबसिंग सोखी हे प्रमुख होते. पुढे ते जागतिक आरोग्य संघटनेत साहाय्यक महासंचालकही झाले.

या कारखान्यासाठी आपल्या सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या बालक-निधीशी, म्हणजे युनिसेफशी, आणि जागतिक आरोग्य संघटनेशी करार केला. युनिसेफने सुमारे साडेआठ लक्ष डॉलरांची यंत्रसामग्री द्यावी, आरोग्य संघटनेच्या द्वारे तज्ज्ञ आणि शिक्षण यांची सोय व्हावी, आणि जमीन, इमारती व चालविण्याचा खर्च भारताने सोसावा, अशी ती वाटणी होती. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९५५ साली पिंपरीत पेनिसिलिन तयार होऊ लागले. याच प्रकारच्या साहाय्याने दिल्लीस डीडीटीचा कारखाना उभा राहिला. पिंपरीच्या परिसरातील पहिल्या मोठ्या कारखान्यांत या कारखान्याची गणना होते.

श्रोत्यांपैकी कोणी विचारील की, औषधाच्या कारखान्याचा आणि लोकराज्याचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो त्या कराराच्या अटींत आहे. साहाय्य देणाऱ्याने नफ्यात वाटा मागितला नाही. जे शिकविले जाईल ते गुप्त ठेवावयाचे नाही, इतर देशांच्या लोकांस येथे येऊन शिकता यावे, आणि मिळालेल्या मदतीच्या बदल्यात माता व बालके यांस औषध विनामूल्य पोचवावे, असा त्या व्यवस्थेचा रोख होता. शिवाय कारखान्याचा धनी भारत सरकार असल्यामुळे त्याचा हिशेब संसदेपुढे येई. एखाद्या सभासदास प्रश्न विचारून मंत्र्यास उत्तर द्यावयास लावता येई. बाहेरून आलेली वस्तू अशा रीतीने आपल्याच प्रतिनिधींच्या देखरेखीखाली आली.

या साहाय्याचा दुसरा गुण असा की, त्यातून येथे स्वतंत्र विद्या उत्पन्न झाली. पिंपरीच्या संशोधनशाळेत डॉक्टर थिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी यांनी ‘हॅमायसिन’ हे बुरशीच्या रोगांवरील औषध शोधून काढले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले, त्यास शास्त्रीय परिभाषेत पिंपरीचेच नाव देण्यात आले आहे. यंत्रे परकी होती. शिकलेल्या हातांनी काढलेले नवे औषध मात्र आपले होते. जे साहाय्य घेणाऱ्यास काही काळाने देणाऱ्याची गरज उरू देत नाही, ते साहाय्य उत्तम, असे म्हणावयास येथे आधार सापडतो.

आता खेड्यांकडे वळू. १९५२ सालच्या जानेवारीत भारत व अमेरिका यांच्यात तांत्रिक सहकार्याचा करार झाला, आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला, गांधीजयंतीच्या दिवशी, समाजविकास योजनेचा देशभर आरंभ झाला. त्या योजनेस अमेरिकेच्या सरकारचे द्रव्य मिळाले, आणि ग्रामसेवकांच्या शिक्षणास फोर्ड प्रतिष्ठानने हातभार लावला. सुधारलेले बियाणे, विहिरी, रस्ते, शाळा, लसीकरण असा तो व्यापक कार्यक्रम होता. हेतू चांगला होता आणि पैसाही होता. तरीसुद्धा पाच वर्षांनी, १९५७ साली, बलवंतराय मेहता समितीने तपासणी केली तेव्हा तिला आढळले की, गावकऱ्यांच्या ठिकाणी स्वतःहून पुढाकार घेण्याची वृत्ती या योजनेने जागी केलेली नाही. योजना सरकारची, अधिकारी सरकारचे, आणि गावकरी केवळ लाभ घेणारे, असेच तिचे रूप राहिले होते.

या अपयशातून जो बोध घेतला गेला तो मात्र फार मोलाचा ठरला. समितीने सांगितले की, विकासाचे काम लोकांनी निवडून दिलेल्या संस्थांच्या हाती सोपवा. महाराष्ट्रात वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने याचा विचार केला, १९६१ साली जिल्हा परिषदा व पंचायत समित्या यांचा कायदा झाला, आणि १ मे १९६२ रोजी त्या संस्था कामास लागल्या. ज्या खेड तालुक्यात आजचे चाकण आहे, तेथील गावांना आपली शाळा, आपला दवाखाना आणि आपला रस्ता यांविषयी आपणच निवडलेल्या माणसास जाब विचारण्याची सोय अशा रीतीने झाली. पुढे १९९२ साली राज्यघटनेत ७३ वी दुरुस्ती होऊन पंचायतींना घटनेचा आधार मिळाला व स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा राखल्या गेल्या. महाराष्ट्राने २०११ साली ते प्रमाण निम्म्यावर नेले.

या इतिहासाकडे नीट पाहिले तर परकीय साहाय्याचा वाटा केवढा आणि आपला केवढा हे स्पष्ट होते. परकीय द्रव्याने समाजविकासाचा प्रयोग करून पाहणे शक्य झाले. प्रयोगातील उणीव कोणी दाखविली? आपल्याच संसदेच्या सभासदाच्या समितीने. उपाय कोणी केला? आपल्याच विधिमंडळाने. पंचायत राज्य हे कोणा परक्या देशाने दिलेले दान नव्हे. दानाने जे साधले नाही ते साधण्यासाठी आपण केलेली ती व्यवस्था होय.

साहाय्याची काळी बाजू दाखविणारा प्रसंग १९६५ व १९६६ सालचा आहे. पावसाने दगा दिला, देशात धान्य उरले नाही, आणि अमेरिकेच्या ‘पीएल ४८०’ या कायद्याखाली येणाऱ्या गव्हावर आपण अवलंबून झालो. त्या वेळी अध्यक्ष जॉन्सन यांनी ते धान्य एकदम न सोडता थोडेथोडे सोडण्याचे धोरण ठेवले. आपल्या शेतीविषयक धोरणावर आणि व्हिएतनामच्या युद्धासंबंधीच्या आपल्या बोलण्यावरही त्यांचे लक्ष होते. जहाज बंदरास लागेल तेव्हा शिधापत्रिकेवर गहू मिळेल, अशी स्थिती झाली. त्या गव्हाने लक्षावधी लोकांची भूक भागली हे मान्य केलेच पाहिजे. उपकार विसरू नये. परंतु ज्या राष्ट्राची भाकरी दुसऱ्याच्या शब्दावर येते, त्या राष्ट्राच्या मतदारास आपल्या सरकारकडून धोरणाचा जाब पुरा घेता येत नाही. कारण ते धोरण ठरविणारा दुसराच असतो, आणि त्याला या मतदाराने निवडलेले नसते.

याच्या उलट चित्र सहा-सात वर्षांनी महाराष्ट्रात दिसले. १९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्या श्रोत्यांस आठवत असेल. देशाने बाहेरून धान्य आणविले, आणि तो तांबडा मिलो कित्येक घरांत नाइलाजाने शिजला. परंतु लोकांस जगविले ते मुख्यतः रोजगाराच्या कामांनी. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लक्ष माणसे पाझर तलाव, बांधबंदिस्ती व रस्ते यांच्या कामांवर होती. या कल्पनेचा पाया विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी आधीच घातला होता. १९७५ साली नोकरदार व व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय-कर बसला, १९७७ साली रोजगार हमीचा कायदा संमत झाला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

श्रोतेहो, या करासंबंधी थोडे थांबून विचार करावा. पुण्याचा कारकून, मुंबईचा वकील, पिंपरीच्या कारखान्यातील कामगार यांच्या पगारातून दरमहा कापली गेलेली थोडी रक्कम दुष्काळी तालुक्यातील मजुराच्या मजुरीस लागली. हेही साहाय्यच होय. मात्र देणारा आणि घेणारा दोघेही एकाच विधानसभेचे मतदार होते. मजुरास काम मिळाले नाही तर तो आपल्या आमदाराकडे जाऊ शकत होता, मोर्चा काढू शकत होता, आणि तसे मोर्चे निघालेही. त्याने मागितले ते भीक म्हणून नव्हे, कायद्याने दिलेला हक्क म्हणून. २००५ साली संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा देशव्यापी कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव सर्वांपुढे होता.

तेव्हा साहाय्याची परीक्षा कशी करावी याचे काही गमक आता आपल्या हाती येते. साहाय्य ज्या संस्थेच्या हाती पडते तिला लोकांपुढे हिशेब द्यावा लागतो काय? त्यातून विद्या व कौशल्य मागे राहते काय? आणि ते कधी संपणार हे आरंभीच ठरलेले असते काय? खेड्याच्या दूधसंस्थेचा दाखला या ठिकाणी उपयोगी पडेल. १९५५ साली आणंद येथील सहकारी डेअरीस युनिसेफने यंत्रे दिली. १९७० पासून ‘दुधाचा महापूर’ या योजनेत युरोपातून आलेली दुधाची भुकटी व लोणी फुकट वाटून टाकले नाही. ते विकून आलेला पैसा वर्गीस कुरियन यांनी सहकारी संघ उभारण्यास लाविला. सहकारी संस्थेत दोन म्हशींच्या धन्यास आणि वीस म्हशींच्या धन्यास मत एकच असते. परकी भुकटी संपली, मतपेटी राहिली.

हे गमक लावून पाहिले म्हणजे अपयशांचाही उलगडा होतो. अफगाणिस्तानात पाश्चात्य राष्ट्रांनी वीस वर्षे अपार द्रव्य ओतले. आपल्या देशानेही काबुल येथे संसदेची देखणी इमारत बांधून दिली आणि २०१५ सालच्या डिसेंबरात तिचे उद्घाटन झाले. आपला हेतू स्नेहाचा होता. परंतु २०२१ च्या ऑगस्टमध्ये तालिबानने काबुल घेतले, आणि संसदेची इमारत उभी असूनही संसद उरली नाही. ज्या राज्याचा बहुतेक खर्च बाहेरून चालतो, त्याला प्रजेकडून कर मागावा लागत नाही. आणि ज्याला कर मागावा लागत नाही, त्याला प्रजेची संमतीही तितकीशी लागत नाही.

मग साहाय्याने लोकराज्यास थेट उपयोग होतच नाही काय? होतो, विशेषतः जेव्हा कारभाराची विद्या दिली जाते तेव्हा. याचा सुंदर दाखला आपल्याच इतिहासात आहे, आणि तेथे देणारे आपण होतो. १९५१-५२ साली भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. सतरा कोटींहून अधिक मतदार, त्यांतील बहुसंख्य निरक्षर. म्हणून प्रत्येक पक्षास चित्ररूप चिन्ह देण्यात आले. हे अवाढव्य काम पार पाडणारे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांस १९५३ साली सुदानच्या निवडणुकीची व्यवस्था पाहण्यासाठी पाचारण करण्यात आले, आणि त्यांनी तेथील निवडणूक-आयोगाचे अध्यक्षपद सांभाळले. स्वातंत्र्य मिळून सहा वर्षे झालेल्या गरीब देशाने दुसऱ्या देशास हे साहाय्य दिले. त्यात द्रव्य थोडे होते, अनुभव फार होता. पुढे म्हैसूरची न पुसणारी शाई अनेक देशांच्या मतदारांच्या बोटांस लागली, आणि २०१४ साली नामिबियाने आपली निवडणूक भारतीय बनावटीच्या मतदान-यंत्रांवर घेतली. २००५ साली संयुक्त राष्ट्रांचा लोकशाही-निधी स्थापन झाला तेव्हा अमेरिकेच्या बरोबरीने भारत त्याच्या पहिल्या देणगीदारांत होता.

मात्र येथेही मर्यादा ओळखली पाहिजे. मतदान कसे घ्यावे हे शिकविणे निराळे, आणि मत कोणास द्यावे यात हात घालणे निराळे. या दुसऱ्या गोष्टीपासून राष्ट्राचे रक्षण व्हावे म्हणून आपल्या संसदेने १९७६ साली परकीय देणग्यांविषयी कायदा करून उमेदवार व राजकीय पक्ष यांना अशा देणग्या घेण्यास मनाई केली. २०१० साली त्याच्या जागी नवा कायदा आला. हा बंधाऱ्याचा विचार योग्यच आहे. परंतु बंधारा घालताना गावातील रुग्णसेवा, शिक्षण आणि हिशेब तपासणाऱ्या नागरिकांच्या संस्था यांचे पाणीही तुटू नये, इतकी दृष्टी राज्यकर्त्यांनी ठेवावी. जी संस्था आपला जमाखर्च उघड मांडते, तिच्याकडे केवळ पैशाच्या उगमावरून संशयाने पाहणे लोकराज्यास शोभत नाही.

आपल्या या पट्ट्यात आणखी एक गल्लत होते, तीही दूर करावयास हवी. चाकणमध्ये जर्मन, कोरियन, अमेरिकन कंपन्यांचे कारखाने आले, म्हणजे परदेशांनी आपणास साहाय्य केले, असे कित्येकांस वाटते. भांडवल हे साहाय्य नव्हे. तो व्यवहार आहे. नफा दिसेल तोवर ते राहील, न दिसेल तर जाईल, आणि त्याबद्दल रागावण्याचेही कारण नाही. त्या व्यवहारात कंत्राटी कामगारास न्याय मिळतो काय, रस्त्यांवरील कोंडी व नद्यांचे पाणी यांची काळजी कोण घेतो, हे पाहण्याचे काम परक्या कंपनीचे नसून आपण निवडलेल्या सभागृहांचे आहे.

आणि येथेच पिंपरीच्या कथेचा उत्तरार्ध सांगणे प्राप्त आहे. ज्या पेनिसिलिनच्या कारखान्याचे एवढे गुणगान केले, तो पुढे स्वस्त आयातीपुढे आणि चुकलेल्या व्यवस्थापनापुढे टिकाव धरू शकला नाही. १९९७ साली तो आजारी उद्योग ठरला, कामगारांचे पगार थकले, आणि २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याची जादा जमीन विकून देणी भागविण्याचा निर्णय घेतला. युनिसेफचा यात दोष नाही. त्यांनी दिलेले त्यांनी दिले; जपणे आपले काम होते. संसदेत प्रश्न विचारण्याची सोय होती, पण सोय असणे आणि ती वेळेवर वापरणे यांत अंतर पडले. पेनिसिलिनसारखे नित्याचे औषध देशातच व्हावे, ही सोखी यांची कळकळ किती दूरदर्शी होती, हे २०२० च्या महामारीत औषधांच्या कच्च्या मालासाठी चीनकडे पाहावे लागले तेव्हा सर्वांस कळून आले.

जवळचा दाखला देऊन हे भाषण आटोपतो. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका १९७० साली स्थापन झाली आणि १९८२ साली तिची महानगरपालिका झाली. कारखान्यांच्या उत्पन्नामुळे ती श्रीमंत गणली गेली. तिला कोणाच्या दानाची वाट पाहावी लागली नाही. तरीही २०२२ सालच्या मार्चमध्ये तिच्या नगरसेवकांची मुदत संपल्यावर निवडणूकच झाली नाही, आणि जानेवारी २०२६ मध्ये मतदान होईपर्यंत जवळजवळ चार वर्षे सारा कारभार प्रशासकाने पाहिला. राज्यातील इतर अनेक शहरांचीही हीच अवस्था होती. रस्ते होत होते, कर वसूल होत होता, अंदाजपत्रके मंजूर होत होती. परंतु प्रभागातील नागरिकास जाब विचारण्यासाठी आपण निवडलेला मनुष्य नव्हता. या उणिवेवर कोणत्याही परदेशाची थैली उपाय करू शकली नसती, आणि ती आणणारा कोणी परका देशही नव्हता.

म्हणून साहाय्य देणाऱ्यांस आणि घेणाऱ्यांस इतकेच सांगावेसे वाटते. द्यावयाचे असेल तर पिंपरीस दिले गेले तसे द्यावे: उघडपणे, विद्येसह, आणि लोकांच्या प्रतिनिधींच्या हाती. घ्यावयाचे असेल तर मान ताठ ठेवून, हिशेब चोख ठेवून आणि परत कधी घ्यावे लागणार नाही अशा तयारीने घ्यावे. आणि घेऊन झाल्यावर जे आपले झाले ते राखण्यासाठी, प्रभागाच्या सभेत, ग्रामसभेत आणि मतदानाच्या रांगेत आपण स्वतः हजर असावे. आपल्या वतीने तेथे दुसरा कोणी उभा राहू शकत नाही.